नौरू: मुद्दल उत्पन्न म्हणून खर्च करणाऱ्या बेटाचा प्रकरण अभ्यास

नौरूची गोष्ट बहुतेक वेळा विनोदासारखी सांगितली जाते. प्रशांत महासागरातलं एवढंसं बेट, पक्ष्यांच्या विष्ठेवर गब्बर झालं, विमानं घेतली, परदेशात टोलेजंग इमारत बांधली आणि एका पिढीत भिकेला लागलं. पुण्याभोवतीच्या गुंठामंत्र्यांचे किस्से आपण ज्या सुरात सांगतो, तोच हा सूर. गाडीत मावत नसताना महागडी गाडी घेणारा अधिकारी वगैरे ऐकीव गोष्टीही त्यात येतात. त्या खऱ्या असोत वा नसोत, त्यांनी मूळ प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. नौरूच्या लोकांना आपलं फॉस्फेट, म्हणजे खतासाठी लागणारं खनिज, कधी संपणार हे आधीपासून माहीत होतं. त्यासाठी त्यांनी निधीही बाजूला काढला होता. तरी ते बुडाले. कसे, ते निर्णयागणिक पाहण्यासाठी हे टिपण.

मंत्री, विश्वस्त, सल्लागार यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. इतिहासात नोंदलेली एक-दोन नावं तेवढी येतील.

पार्श्वभूमी

नौरू विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अशी जवळजवळ पाच बेटं मावतील. सर्वांत जवळचा शेजारी बनाबा, तोही सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला. नदी नाही. किनाऱ्यालगत दीडशे ते तीनशे मीटर रुंदीची सपाट पट्टी, तिच्यावर नारळ, घरं आणि बेटाला वळसा घालणारा रस्ता. मधला भाग म्हणजे उंचवट्याचं पठार, त्याला तिथे 'टॉपसाइड' म्हणतात. या पठारावर केवड्याच्या कुळातली झाडं होती आणि त्यांची फळं दुष्काळात टिकवून खाल्ली जात. बेटाच्या आत बुआडा नावाचं तळं आहे. समुद्रातून पकडलेली मिल्कफिशची पिल्लं त्यात सोडून वाढवायची रीत होती, आणि तळ्याचे तुकडे कुटुंबाकुटुंबांत वाटलेले होते. पाऊस वर्षानुवर्षं दगा देतो हे गृहीत धरूनच हे सगळं बसवलेलं होतं.

१८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतलं. तोवर कुणालाच त्यात खोबऱ्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत नौरूहून आणलेला एक दगड दार अडवून धरायला ठेवलेला होता. १८९९ मध्ये आल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याने त्याचा तुकडा तपासला, तेव्हा तो अतिशय उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघाला. १९०६ च्या सुमारास खाणकाम सुरू झालं. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसांत करार करून खाणी एका सामाईक मंडळाकडे, ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सकडे, दिल्या. वाटणी ४२, ४२ आणि १६ टक्के अशी ठरली. फॉस्फेट जागतिक बाजारभावाने विकायचं नव्हतं, तर या तीन देशांच्या शेतकऱ्यांना जवळपास उत्पादनखर्चातच द्यायचं होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सुपर फॉस्फेटची गोणी म्हणजे काय ते सांगायला नको. ऑस्ट्रेलियाच्या फॉस्फेट-दरिद्री जमिनीत गहू आणि न्यूझीलंडच्या कुरणांवर लोणी पिकलं, त्यात नौरूच्या मातीचा वाटा मोठा होता. अतिउपभोग हा शब्द या प्रकरणात वापरायचाच असेल, तर त्याची सुरुवात नौरूच्या लोकांपासून करता येत नाही. पहिली साठ वर्षं बेट खाणारे दुसरे होते.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. साथींनी, विशेषतः १९२० च्या फ्लूने, नौरूची लोकसंख्या इतकी घटली की हा समाज टिकणार की नाही अशी शंका निर्माण झाली. १५०० माणसं असली तर समाज टिकेल असा अंदाज बांधला गेला. १९३२ मध्ये तो आकडा गाठला गेला आणि त्या दिवसाला 'अंगाम' असं नाव पडलं. २६ ऑक्टोबरला तो आजही साजरा होतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे १२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. त्यांतले ४६३ तिथेच मेले. उरलेले ३१ जानेवारी १९४६ ला परतले. समाजाने पुन्हा माणसं मोजली आणि १९४९ मध्ये पुन्हा १५०० चा आकडा गाठला. नौरूचा स्वातंत्र्यदिनही मुद्दाम ३१ जानेवारीच ठेवला गेला. तेव्हा हा बेफिकीर, उद्याचा विचार न करणारा समाज होता असं म्हणणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

अडचण काय होती

फॉस्फेट काढण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय अडचण कळत नाही. ते पोवळ्याच्या चुनखडीच्या सुळक्यांमधल्या फटींत साठलेलं असतं. वरची झाडी तोडायची, माती खरवडायची, मग सुळक्यांमधलं फॉस्फेट उपसून काढायचं. उरतात ते नुसते पांढरट-करडे सुळके, काही ठिकाणी दोन-तीन मजली घराएवढे उंच. त्यांच्यावरून माणसाला धड चालता येत नाही. शेती, घर, रस्ता तर दूरच. एकदा उपसलेली जमीन परत जमीन होत नाही. म्हणजे दर टन विक्रीत दोन गोष्टी जात होत्या, फॉस्फेट आणि ते ज्यात होतं ती जमीन. किंमत पहिल्याची लागत होती. दुसरीची कुठल्याच वहीत नोंद नव्हती.

१९६० च्या दशकात हिशेब असा होता: विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चांगलं फॉस्फेट संपणार. तेव्हा बेटावर सुमारे ६००० माणसं होती आणि त्यांतली निम्मी-अर्धी गिल्बर्ट बेटांतून, चीनमधून आलेली कंत्राटी मंडळी होती. मूळ नौरूवासीयांचं काय करायचं, हा प्रश्न ऑस्ट्रेलियन प्रशासनालाही पडला होता आणि हॅमर डीरॉबर्ट यांच्या नेतृत्वाखालच्या स्थानिक परिषदेलाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय स्थलांतराचा. ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतचं कर्टिस बेट देऊ केलं. घरं, कामधंदा, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व. नौरूच्या बाजूने मागणी होती ती स्वतंत्र राष्ट्र म्हणून राहण्याची. ती मान्य होणार नव्हती, कारण कर्टिस बेट ऑस्ट्रेलियाचाच भाग राहिलं असतं. १९६४ मध्ये नौरूने नकार दिला.

हा नकार चूक होता का? नंतरचा कोसळलेला काळ पाहून 'होय' म्हणायचा मोह होतो. पण शेजारच्या बनाबाचा अनुभव समोर होता. तिथल्या लोकांना १९४५ च्या अखेरीस फिजीतल्या राबी बेटावर नेऊन सोडलं गेलं आणि त्यांच्या मूळ बेटावरची खाण १९७९ पर्यंत चालूच राहिली. लंडनच्या न्यायालयात त्यांनी सत्तरच्या दशकात प्रदीर्घ खटला लढवला, पण कायद्याने त्यांच्या हाती फारसं लागलं नाही. मालक निघून गेला की त्याच्या जमिनीबद्दल बोलायला कुणी उरत नाही, हे नौरूच्या परिषदेला दिसत होतं. त्या वेळच्या माहितीवर तो नकार मला योग्य वाटतो.

दुसरा पर्याय खाण स्वतःच्या ताब्यात घेण्याचा. १९६७ च्या करारानुसार नौरूने खाणीची यंत्रणा २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घ्यायचं ठरलं. १९६८ ला स्वातंत्र्य, १९७० ला खाणीचा पूर्ण ताबा.

तिसरा पर्याय म्हणजे उपसलेली जमीन आधी दुरुस्त करून मागणे. १९६६ मध्ये एका तज्ज्ञ समितीने बेटाची पाहणी केली. पूर्ण बेट बाहेरून माती आणून भरणं व्यवहार्य नाही, मात्र काही भाग सपाट करून वापरात आणता येईल, असा साधारण निष्कर्ष निघाला. तिन्ही देशांनी जबाबदारी घ्यायला नकार दिला. फॉस्फेटचा वाढीव भाव आणि खाणीचा ताबा यातच सगळं आलं, असा त्यांचा युक्तिवाद होता. नौरूने ते मान्य केलं नाही, हक्क राखून ठेवला आणि करार मात्र केला.

चौथा पर्याय कुणी टेबलावर ठेवलाच नाही: हळू खणणे. ताबा आपल्याकडे आल्यावर वर्षाला किती टन काढायचं हे नौरूच्याच हातात होतं. स्वातंत्र्याच्या वेळी साधारण एक तृतीयांश खणण्याजोगी जमीन उपसून झाली होती. उरलेली दोन तृतीयांश स्वतंत्र नौरूने स्वतः उपसली, आणि पूर्वीच्याच वेगाने.

पहिला मोठा निर्णय: पैसा कसा वाटायचा

ताबा मिळाला आणि नशिबाने साथ दिली. १९७४ च्या सुमारास फॉस्फेटचा जागतिक भाव एकदम चौपटीच्या घरात गेला. दरडोई उत्पन्नात नौरू जगातल्या अगदी वरच्या देशांत गणला जाऊ लागला. आयकर नव्हता. उपचार, शिक्षण मोफत, गंभीर आजारी असेल तर विमानाने ऑस्ट्रेलियात. घरांना, विजेला, प्रवासाला सरकारी आधार. खाणीत राबायला बाहेरची माणसं.

रॉयल्टीचे वाटे पाडलेले होते. काही भाग थेट जमीनमालकाच्या हातात, काही सरकारला, आणि उरलेला रॉयल्टी ट्रस्टमधल्या वेगवेगळ्या निधींत: दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा, घरबांधणीचा, जमीन दुरुस्तीचा. कागदावर ही व्यवस्था बरी होती. फॉस्फेट संपल्यावर निधीच्या व्याजावर देश चालेल ही कल्पना तिच्या मुळाशीच होती.

मग बिघडलं कुठे? पहिली गोची वारसाहक्काची. नौरूत जमीन आईवडिलांकडून सगळ्या मुलांना जाते. दोन पिढ्यांत एका तुकड्याला डझनावारी मालक होतात, काही ठिकाणी त्याहूनही कितीतरी जास्त. आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यावर नावांची रांग लागलेली असते आणि बांधावर एक झाड लावायचं तरी कुणाची सही घ्यायची हा प्रश्न पडतो, तसंच काहीसं. इतक्या मालकांना जमीन दुरुस्त करून मिळण्यात रस कसा असणार? प्रत्येकाच्या वाट्याला सुळक्याचा एखादा तुकडा येणार. रोख रॉयल्टी मात्र लगेच मिळते. दुरुस्ती मागणारा आवाज बेटाच्या आतूनच क्षीण होत गेला.

दुसरी गोची जेवणाची. नारळ, मासे, केवड्याची फळं मागे पडली आणि जहाजाने येणारा तांदूळ, डबाबंद मांस, साखर, बिअर आली. १९७५ च्या एका पाहणीत प्रौढांमध्ये साधारण तिघांत एकाला मधुमेह आढळला. संपत्ती येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती, म्हणजे या बदलाची सुरुवात आधीपासूनची असणार. पठारावरची झाडं खाणीने नेली आणि किनाऱ्यावरची सवय दुकानाने. कोसळण्याच्या चर्चेत आपण पैशांचा आलेख बघतो. मला हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण त्याची भरपाई कुठल्याच निधीत नव्हती.

दुसरा मोठा निर्णय: पैसा कुठे गुंतवायचा

ट्रस्टचा पैसा स्थावर मालमत्तेत, हॉटेलांत, हवाई वाहतुकीत गेला. १९७७ मध्ये मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर ५२ मजली नौरू हाऊस उभं राहिलं. ही गुंतवणूक सरसकट मूर्खपणाची नव्हती. मेलबर्नच्या मध्यावरची जागा आजही सोन्याच्या भावाची आहे. एअर नौरू मात्र वेगळी गोष्ट. काही हजार लोकसंख्येच्या देशाने बोइंग विमानांचा ताफा बाळगला आणि रिकाम्या खुर्च्या पॅसिफिकभर फिरवल्या. विमानसेवेची बेटाला गरज होती हे खरं. पण गरज होती ती एका विमानाची.

भारताचाही इथे थेट संबंध आहे. १९८१ मध्ये ओडिशातल्या पारादीप इथे भारत सरकार आणि नौरू यांच्या भागीदारीत पारादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी स्थापन झाली. आपल्या कच्च्या मालाचं पुढचं उत्पादन करणाऱ्या कारखान्यात हिस्सा घ्यायचा, हा नौरूच्या गुंतवणुकींतला सगळ्यात समंजस विचार. १९९३ मध्ये नौरू त्यातून बाहेर पडला. ती कंपनी आजही चालू आहे, आणि गोव्यातला झुआरीचा खत कारखानाही आता तिच्याकडेच आहे. योगायोग असा की त्याच १९९३ मध्ये नौरूचा पैसा लंडनमधल्या एका संगीत नाटकात घातला गेला. ते काही आठवड्यांतच बंद पडलं. हा किस्सा सगळे रंगवून सांगतात. पण नाटकावर गेलेली रक्कम ट्रस्टच्या तुलनेत किरकोळ होती. बुडवलं ते दुसऱ्या गोष्टीने.

ती दुसरी गोष्ट म्हणजे तूट. ऐंशीच्या दशकात भाव उतरले, उत्पादन घटू लागलं, सरकारी खर्च मात्र तसाच राहिला. पगार, अनुदानं, विमानं. तूट भरायला सरकारने आधी बेटावरच्या बँकेकडून घेतलं, मग ट्रस्टकडून, मग ट्रस्टची मालमत्ता तारण ठेवून बाहेरून. १९९० च्या आसपास ट्रस्टची किंमत एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिच्यातला फार थोडा भाग शिल्लक राहिला.

इथे एक साधा गुणाकार करून पाहा. एक अब्ज डॉलर सुरक्षित ठिकाणी ठेवून महागाई वजा जाता तीन टक्के मिळाले, तर वर्षाला तीन कोटी. तेव्हाच्या सुमारे दहा हजार लोकसंख्येला माणशी तीन हजार डॉलर. ही श्रीमंती नाही. पण २००४ नंतर सुधारणा करताना सरकारी नोकरांचा पगार सरसकट पंधरवड्याला १४० डॉलरवर आणावा लागला, म्हणजे वर्षाला ३६४० डॉलर, तोही फक्त कमावणाऱ्याला. निधी जपला असता तर बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला जवळपास तेवढंच बसल्या जागी मिळालं असतं.

मुद्दलाला हात लावू नये हे आपल्या आजीला कळत होतं, मग एका राष्ट्राला का कळलं नाही? मला वाटतं, कारण मुद्दल ओळखूच आलं नाही. अर्थसंकल्पात फॉस्फेटचा पैसा 'उत्पन्न' या सदरात यायचा. जमीन विकून आलेला पैसा पगारासारखा जमेला धरला तर घर कधीच तुटीत दिसत नाही. नौरूचा अर्थसंकल्प कोलमडताना दिसला तो जमीन संपल्यावर.

तिसरा मोठा निर्णय: न्यायालय

१९८९ मध्ये नौरूने ऑस्ट्रेलियाला हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. मागणी होती स्वातंत्र्यापूर्वी उपसलेल्या जमिनीच्या दुरुस्तीची. त्याआधी श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने सगळा इतिहास तपासून काढला होता. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे प्रमुख प्राथमिक आक्षेप फेटाळले, आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. ऑस्ट्रेलियाने एकूण १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे, त्यातले ५ कोटी वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने. ब्रिटन आणि न्यूझीलंडने आपला वाटा ऑस्ट्रेलियाकडे भरला.

छोट्या देशाने मोठ्यांना तिथवर नेऊन आणलं, ही कमी गोष्ट नव्हे. हप्त्यांचा भाग तर फार शहाणपणाचा ठरला, कारण तो एकदम उडवता येत नव्हता. खंत एवढीच की जो युक्तिवाद हेगमध्ये मांडला तो घरी लागू झाला नाही. खणणाऱ्याने जमीन पूर्ववत करावी असं नौरू ऑस्ट्रेलियाला सांगत होता, त्या वेळी नौरूचीच कंपनी उरलेलं पठार तसंच उपसत होती.

कोसळणं

नव्वदच्या दशकात उत्पन्नाचे नवे मार्ग शोधले गेले, आणि शोधताना घाई दिसते. बँक परवाने विकले गेले. शेकडो कागदी बँका एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर नोंदल्या गेल्या. रशियातून बाहेर जाणाऱ्या पैशाचा मोठा ओघ या बँकांतून गेल्याचे आरोप झाले आणि नौरू आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत गेला. पासपोर्टही विकले गेले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या निर्वासितांना नौरूवरच्या छावणीत ठेवायचा करार केला. बेटाकडे विकण्यासारखी शेवटची गोष्ट उरली होती ती जागा आणि सार्वभौमत्व, तेही भाड्याने गेलं. या कराराने पैसा आला, पण छावणीतल्या माणसांच्या वाट्याला जे आलं ते वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे.

२००३ च्या सुरुवातीला काही आठवडे बेटाचा बाहेरच्या जगाशी दूरध्वनी संपर्कच तुटला होता. बँकेत लोकांचे पैसे अडकले, पगार थकले, इंधन नसलं की वीज नाही आणि वीज नसली की समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बंद. अठरा सदस्यांच्या संसदेत पक्ष जवळपास नव्हतेच. चार-पाच जणांनी बाजू बदलली की राष्ट्राध्यक्ष बदलत, आणि ते वारंवार बदलले. खर्चकपात सुचवणारा पुढच्या आठवड्यात पदावर असेलच याची खात्री नव्हती. २००४ मध्ये एका बड्या परदेशी वित्तसंस्थेने कर्जापोटी मालमत्तांवर टाच आणली आणि नौरू हाऊस विकलं गेलं. २००५ मध्ये शेवटचं विमानही जप्त झालं.

सावरण्यासाठी काय केलं

२००४ च्या अखेरीस आलेल्या सुधारणावादी सरकारने पगार कापले, ऑस्ट्रेलियाहून अर्थखात्यात माणसं आणवली, बाहेरच्या देशांचा मदतगट मान्य केला. उपसलेल्या सुळक्यांखालचं आणि मधलं उरलंसुरलं फॉस्फेट काढायला दुय्यम खाणकाम सुरू झालं. बँक परवान्यांचा धंदा बंद केला आणि काळ्या यादीतून नाव निघालं.

दोन निर्णय मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला मासेमारीचा. १९८२ मध्ये पॅसिफिकमधल्या ट्यूना-संपन्न देशांनी जो करार केला त्याला नौरूचंच नाव आहे. पुढे त्यातून परदेशी बोटींना वर्षाला ठरावीक दिवसच विकायची पद्धत आली. दिवस मोजके, म्हणून भाव चढा, आणि मासाही टिकतो. फॉस्फेटच्या बाबतीत जो 'हळू काढा' पर्याय कुणी मांडला नव्हता, तो समुद्रात मांडला गेला आणि चालला.

दुसरा निर्णय २०१५ चा. पुढच्या पिढ्यांसाठी नवा विश्वस्त निधी स्थापन झाला. त्याच्या कारभारात ऑस्ट्रेलिया, आशियाई विकास बँक अशा देणगीदारांना बसवलं, जेणेकरून पैसे काढायचा निर्णय एकट्या मंत्रिमंडळाच्या हातात राहू नये. स्वतंत्र राष्ट्राने स्वतःच्या तिजोरीची एक किल्ली परक्याकडे देणं अपमानास्पद वाटू शकतं. जुन्या ट्रस्टची दशा पाहिलेल्यांना वाटलं नसावं.

वेगळं काय करता आलं असतं

तुलनेसाठी शेजारीच उदाहरण आहे. बनाबा ज्यात मोडतं त्या किरिबाटीने, म्हणजे तेव्हाच्या गिल्बर्ट बेटांच्या ब्रिटिश वसाहतीने, १९५६ मध्येच बनाबाच्या फॉस्फेटमधून एक राखीव निधी सुरू केला. १९७९ ला खाण संपली, त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. निधी आजही आहे आणि त्याची किंमत एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली आहे. हा पैसा बनाबाच्या लोकांची जमीन खाऊन उभा राहिला आणि त्यांना त्यातला योग्य वाटा मिळाला नाही, हे आधी सांगितलंच पाहिजे. पण निधी म्हणून तो टिकला. गुंतवणूक मुख्यतः परदेशी शेअर आणि रोख्यांमध्ये, स्वतःच्या हॉटेलांत आणि विमानांत नाही. आणि किरिबाटी गरीब होता, त्यामुळे पैसे काढताना सगळ्यांचं लक्ष होतं. नौरूत पैसा इतका होता की लक्ष ठेवायचं कारण उरलं नाही.

१९६८ च्या परिषदेत मी बसलो असतो तर काय सुचवलं असतं? वर्षाकाठी टनांची मर्यादा, हे पहिलं. खणलेल्या प्रत्येक हेक्टरच्या दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षी रॉयल्टीतून कापून घेणं, हे दुसरं. तो कापला असता तर जमीनमालकाच्या हातात कमी पैसे आले असते, आणि ज्याच्या हातात कमी येतं तो मत देत नाही. ही अडचण मी सोडवू शकलो असतो असं वाटत नाही. सगळ्यांच्याच नावावर जमीन असलेल्या देशात रॉयल्टी कमी करा म्हणणाऱ्याला निवडून कोण देणार? निधीचं कुलूप बाहेरच्या माणसाच्या हातात ठेवण्याचा उपाय मात्र तेव्हाही शक्य होता. नुकतंच स्वातंत्र्य मिळालेल्या लोकांना तो पटवणं अवघड गेलं असतं, एवढंच.

दुसरी एक शक्यता कुणीच तपासलेली दिसत नाही. पठाराचा एखादा तरी भाग न उपसता ठेवायचा. केवडा, बुआडा तळं आणि थोडी जमीन राखली असती, तर साखर आणि डब्यांपासून परतीचा एक रस्ता राहिला असता.

सध्याची स्थिती

किनाऱ्याची पट्टी आता समुद्राच्या वाढत्या पातळीने धोक्यात आहे. म्हणून सरकारने लोकांना वर, टॉपसाइडवर, हलवायची योजना आखली आहे. म्हणजे ज्या सुळक्यांच्या रानात कुणी राहू शकत नाही म्हणून खटला लढवला, तिथेच आता घरं बांधायची आहेत. त्यासाठी सुळके तोडून जमीन सपाट करावी लागेल, आणि १९६६ च्या समितीने जे अंशतः शक्य म्हटलं होतं ते आता करावं लागेल, साठ वर्षांनंतरच्या भावाने. खर्च भागवायला परदेशी लोकांना सुमारे एक लाख अमेरिकन डॉलरला नागरिकत्व विकायची योजना आहे.

त्याच वेळी नौरू खोल समुद्राच्या तळावरच्या धातूंच्या गोळ्यांच्या खाणकामाला पाठिंबा देतो आहे. २०२१ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे दोन वर्षांत नियम पूर्ण करा अशी औपचारिक मागणी केली. नियम पूर्ण झाले नाहीत. खाणकाम करू पाहणारी कंपनी परदेशी आहे आणि नौरूला मिळणार आहे ते शुल्क आणि रॉयल्टी. समुद्राचा तळ नौरूचा नाही आणि त्यावर राहणारं कुणी नाही, असं या योजनेच्या बाजूने सांगितलं जातं. १९०० च्या सुमारास पठाराबद्दलही बाहेरून आलेल्यांची समजूत साधारण अशीच होती: लोक तर किनाऱ्यावर राहतात, मधल्या भागात कुणी नाही.